पाटीवरचं 'आणि'



आज आपण एका हॉटेलच्या पाटीबद्दल बोलणार आहोत. हॉटेल काही नावाजलेलं नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजे शहराच्या पूर्व भागात, एका लाँड्रीच्या आणि एका दातांच्या दवाखान्याच्या मध्ये ते आहे. आसपासच्या वस्तीतली माणसं शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबांना, लहान पोरांना घेऊन तिथे जेवायला येतात. माझी मुलगी जवळच राहते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत तिथे माझं बऱ्याचदा जेवण झालंय. पाटीवर हॉटेलचं नाव आहे आणि त्याखाली तीन भाषांमध्ये एकच ओळ आहे: व्हिएतनामी आणि चायनीज सीफूड.

आपल्याकडे अशा पाट्यांची सवय आहे. 'पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, चाट' अशी पाटी आपण वडोदऱ्यापासून विशाखापट्टणपर्यंत कुठेही बघतो, आणि तिचा अर्थ एवढाच असतो की दारात आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ नये अशी मालकाची इच्छा आहे. मालकाला पंजाबचा गंध नसला तरी चालतं. पहिल्यांदा ती सॅन होजेची पाटी वाचली तेव्हा माझ्या जावयानेही हेच सांगितलं की बाबा, दोन प्रकारचे लोक येतात म्हणून दोन्ही ठेवतात. व्यापाराच्या बाजूने ते खरंही आहे. पण अमेरिकेत ज्या ज्या गावात व्हिएतनामी वस्ती आहे तिथे हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते. व्हिएतनामी आणि फ्रेंच असं लिहायला हरकत नव्हती, शंभर वर्षं फ्रेंचांनी तिथे राज्य केलं. व्हिएतनामी आणि थाई हेही शोभलं असतं. मग चायनीजच का? माझं म्हणणं असं आहे की त्या पाटीवरचा 'आणि' हा शब्द मेनूचा नाही, मालकाच्या घराण्याचा आहे, आणि तो तिथे यायला तीनशे वर्षं लागली आहेत.

आधी जेवून घेऊ. इतिहास पानातच आहे.

आत शिरलं की उजव्या हाताला काचेच्या टाक्या. एकीत मासे, एकीत लॉब्स्टर, एकीत पॅसिफिक किनाऱ्यावरचे डंजनेस खेकडे, एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन बसलेले. मेनूत खेकड्यापुढे किंमत नसते, 'बाजारभाव' असं लिहिलेलं असतं. तुम्ही ऑर्डर दिलीत की वाढणारा मुलगा जिवंत खेकडा बादलीत घालून टेबलाशी आणतो, दाखवतो, वजन सांगतो, तुम्ही मान हलवलीत की तो आत जातो. ही कँटनच्या लोकांची रीत. माझ्या आजोळी देवगडला कोळीण खेकडा उलटा करून पोट दाबून दाखवायची, भरलेला आहे की पोकळ ते बघा म्हणून. तोही शेवटी विश्वासाचाच व्यवहार.

आता या खेकड्याचं काय करायचं, ते तुम्हाला विचारतात. आलं आणि कांद्याची पात घालून केला तर तो सरळ चिनी. मीठ-मिरी लावून कोरडा परतला तरी चिनी. पण तिसरा प्रकार मागून बघा, चिंचेतला. आधी लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची, खेकडा भरपूर तेलात झपाट्याने तळून काढायचा, हा हात कँटनी आचाऱ्याचा. मग त्याच कढईत चिंचेचा कोळ, साखर, लसूण आणि नुओक माम, म्हणजे लहान मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणी. हे व्हिएतनामी. दक्षिण चीनच्या स्वयंपाकात सोया सॉस आहे, आलं आहे, पण चिंचेला असं मानाचं पान नाही. चिंच मेकाँग नदीच्या खोऱ्यातली. मसाला तिथला, कढई इथली, आणि कुठल्या एका बाजूची म्हणावी हे ठरवता येत नाही अशी ती डिश आहे.

चिंचेवरून आठवलं. तिथे 'कान चुआ' नावाचं एक आंबट कालवण मिळतं. मासा, टोमॅटो, अननस, भेंडी, चिंच, आणि अळूच्या जातीतल्या एका झाडाचे जाड देठ. पहिल्या घासाला माझी पत्नी म्हणाली, हे तर आपलं अळूचं फदफदं, फक्त यात मासा पडलाय. अननस कुणी घातला हे विचारू नका, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. ओलसर, गरम हवेच्या प्रदेशात अळू आणि चिंच एकमेकांना शोधून काढतातच.

आमच्या विहीणबाई शाकाहारी. अशा हॉटेलात त्यांना नेणं म्हणजे धाडस, कारण साध्या पालेभाजीतही माशाचं पाणी असू शकतं. पण तिथे एक शब्द आहे, 'चाय'. म्हणजे उपासाचं, मांस-मासळी नसलेलं. व्हिएतनामी बौद्ध माणसं चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असं जेवतात. विहीणबाईंना वाटलं चहा विचारतायत, त्या म्हणाल्या नको, रात्री झोप लागत नाही. गोंधळ मिटल्यावर त्यांना टोफू आणि मशरूमचं फार चांगलं जेवण मिळालं. गंमत अशी की हा 'चाय' शब्दही मुळात चिनी. बौद्ध उपवासाचा चिनी शब्द व्हिएतनामी जिभेवर गेला आणि घरचा झाला.

मेनू असा शब्दाशब्दाने वाचायला लागलं की थांबवत नाही. सोया सॉसला व्हिएतनामीत 'सी याउ' असंही म्हणतात, कँटनी भाषेतही तेच. डुकराच्या भाजलेल्या लाल मांसाला कँटनी 'छा सिउ' म्हणतात, व्हिएतनामी 'सा सिउ'. वॉनटनचं 'होआन थान्' झालंय. तांदळाच्या शेवयांचं एक सूप आहे, 'हू तिउ'. ते नाव तेओचू लोकांच्या 'कुए तिआउ'वरून आलं. तेओचू म्हणजे चीनच्या ग्वांगतुंग प्रांताच्या पूर्व टोकाचे लोक, त्यांची बोली कँटनीपेक्षा वेगळी. याच हू तिउचा एक नावाजलेला प्रकार नाम्पेन्हच्या नावाने ओळखला जातो, कंबोडियाच्या राजधानीच्या. म्हणजे चिनी शेवया, कंबोडियाचं नाव, सायगावची प्रसिद्धी, आणि आता सॅन होजेत मेनूवर अमुक नंबर. आणि चिनी माणसाला बोलीभाषेत व्हिएतनामी लोक 'ताउ' म्हणतात, ज्याचा दुसरा अर्थ जहाज. जहाजातून आलेले ते ताउ, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते.

हे सगळं छापलंय मात्र रोमन लिपीत, वर-खाली टिंबं, टोप्या आणि शेपट्या लावून. ही लिपी जेझुइट पाद्र्यांनी घडवली. त्यातला अलेक्झांडर द ऱ्होद याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला, आणि पूर्वेकडे येताना हा गृहस्थ गोव्यात राहिला होता. रोमी कोंकणी आणि व्हिएतनामी या एका अर्थाने मावसबहिणी आहेत. हा विषय पुन्हा कधीतरी.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

१६४४ मध्ये चीनमध्ये मिंग घराणं पडलं आणि मांचू सत्तेवर आले. दक्षिणेतले बरेच सरदार पुढची काही दशकं लढत राहिले. त्यातले हरलेले सुमारे तीन हजार सैनिक १६७९ मध्ये पन्नासेक जहाजांतून व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागले. साल नीट लक्षात राहावं म्हणून सांगतो, शिवाजी महाराजांच्या निधनाच्या आदल्या वर्षी. मध्य व्हिएतनामवर राज्य करणाऱ्या न्गुयेन राजाला प्रश्न पडला. एवढी शस्त्रधारी माणसं राजधानीजवळ ठेवणं धोक्याचं, आणि परत पाठवणं शोभणारं नाही. त्याने त्यांना दक्षिणेला, मेकाँगच्या खोऱ्यात धाडलं. तो मुलूख तेव्हा ख्मेर लोकांचा होता, म्हणजे राजाने दुसऱ्याची जमीन उदारपणे दान केली. या सैनिकांनी बिएन होआ आणि मी थो इथे बाजार वसवले, तिथल्या बायकांशी लग्नं केली, आणि त्यांच्या वंशजांना 'मिन्ह हुओंग' हे नाव पडलं. मिंग घराण्याचा धूप तेवत ठेवणारे, असा त्याचा मूळ अर्थ.

याच दशकात, १६७६च्या सुमारास, व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर स्थिरावले. तंजावर मराठी मंडळींना, किंवा आज ऐकणाऱ्या बडोदेकर-इंदूरकरांना, ही मिन्ह हुओंग गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. लष्कराबरोबर गेलेली माणसं तिथलीच होतात, घरात एक भाषा, दारात दुसरी, आणि चार पिढ्यांनी कुणीतरी विचारतं, तुम्ही मूळचे कुठले?

बिएन होआचा बाजार अठराव्या शतकात ताय सोन बंडखोरांनी उद्ध्वस्त केला. वाचलेले चिनी व्यापारी १७७८च्या सुमारास सायगावजवळ येऊन राहिले. तिथेही १७८२ मध्ये त्याच बंडखोरांनी त्यांची कत्तल केली, हजारो माणसं मारली गेली. उरलेल्यांनी पुन्हा दुकानं मांडली. त्या वस्तीचं नाव चोलोन. अर्थ अगदी साधा, मोठा बाजार.

फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगाव घेतलं. मेकाँगचा तांदूळ जगभर जाऊ लागला आणि त्याच्या गिरण्या मुख्यतः चोलोनच्या चिन्यांच्या हातात राहिल्या. फ्रेंचांनी त्यांची बोलीप्रमाणे पाच गटांत विभागणी चालू ठेवली: कँटनी, तेओचू, फूकिएन, हक्का आणि हैनानी. नव्याने उतरलेल्या माणसाला यातल्या एका गटात नाव घालावंच लागे आणि त्याच्या करासाठी गटाचा मुखिया जबाबदार. प्रत्येक गटाचं देऊळ वेगळं, शाळा वेगळी, दवाखाना वेगळा. सरकारला सोय झाली. पण याचा एक परिणाम असा की चौथ्या-पाचव्या पिढीतला, चोलोनमध्येच जन्मलेला माणूसही कागदावर 'चिनी' राहिला. यांनाच व्हिएतनाममध्ये होआ म्हणतात.

सायगावात भारतीयही होते बरं का. सावकारी करणारे चेट्टियार होते, कापडाची दुकानं होती, मरिअम्मनचं देऊळ आजही शहराच्या मध्यभागी आहे. व्हिएतनामी स्वयंपाकात 'का री' आहे, नारळाच्या दुधातली, पावाबरोबर खायची. भारतीयांना तिथे 'चा वा' म्हणत. तो शब्द मुळात जावा बेटावरून आला. आपण जावाचे नाही हे सांगून काही उपयोग नव्हता.

मग आलं १९५६. फ्रेंच गेले होते, देशाची फाळणी झाली होती, आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये न्गो दिन्ह दिएम राष्ट्राध्यक्ष होता. त्याने त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या सगळ्या चिन्यांना व्हिएतनामी नागरिक ठरवून टाकलं होतं, विचारलं नव्हतं. आणि सप्टेंबर १९५६ मध्ये हुकूम काढला की परदेशी माणसाला अकरा धंदे करता येणार नाहीत. त्यात तांदूळ, किराणा, कापड, जुनं सामान, लोखंडाची मोड, सरपण-कोळसा हे सगळं होतं. आणि यादीत होता मासे-मटण विकण्याचा धंदा. हुकुमात 'चिनी' असा शब्द नव्हता, 'परदेशी' एवढाच. पण चोलोनच्या मासळीबाजारात कुणालाही तो समजावून सांगावा लागला नाही. नागरिकत्व घ्या नाहीतर दुकान सोडा. कित्येकांनी दुकान व्हिएतनामी बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर केलं आणि गल्ल्यावर स्वतःच बसले. कायदा आणि माणूस यांची अशी तडजोड आपल्याला काही नवीन नाही.

३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. युद्ध संपलं. पण चोलोनचं युद्ध खरं तर त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झालं. २३ मार्च १९७८ ला सरकारने खाजगी व्यापार बंद केला. तरुणांच्या तुकड्या दुकानांत शिरल्या आणि मालाची मोजदाद करून जप्ती झाली. मे महिन्यात चलन बदललं, घरात ठेवलेल्या नोटांचा कागद झाला. व्यापाऱ्यांना जंगलतोड करून शेती करायला 'नव्या आर्थिक क्षेत्रां'त पाठवू लागले. त्याच सुमारास चीन आणि व्हिएतनामचे संबंध बिघडत चालले होते, म्हणजे होआ माणूस आता भांडवलदारही होता आणि शत्रूचा माणूसही. उत्तरेतून अडीच लाखांच्या आसपास लोक सीमा ओलांडून चीनमध्ये गेले. यातले बरेच कोळी आणि खाणकामगार होते, ज्यांच्याकडे जप्त करण्यासारखं काही नव्हतंच. हे लक्षात ठेवायला हवं, कारण होआ म्हणजे श्रीमंत व्यापारी ही समजूत फार सोयीची आहे.

दक्षिणेत वेगळी वाट निघाली. सरकारी अधिकाऱ्यांनी सोनं घेऊन माणसं जाऊ द्यायला सुरुवात केली. तिकडे सोनं 'लुओंग'मध्ये मोजतात, एक लुओंग साडेसदतीस ग्रॅमचा, आपल्या सव्वातीन तोळ्यांना थोडा कमी. मोठ्या माणसाला साधारण आठ ते बारा लुओंग, लहान मुलाला निम्मे. म्हणजे एका माणसाच्या जाण्याची किंमत तीसेक तोळे. पूर्वी पळून जाणारा रात्री चोरून निघे. आता यादी करून, पावती न देता, दिवसाढवळ्या लोक बोटीत चढवले जाऊ लागले. नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय होंग' नावाचं जुनं मालवाहू जहाज अडीच हजार माणसं घेऊन मलेशियाच्या किनाऱ्याशी उभं राहिलं. मलेशिया उतरवून घेईना. डिसेंबरमध्ये 'हुई फोंग' नावाचं दुसरं जहाज तीन हजारांहून जास्त माणसं घेऊन हाँगकाँगबाहेर आलं आणि जवळजवळ महिनाभर तिथेच अडकलं. नंतर त्याच्या इंजिनच्या खोलीत लपवलेलं सोनं पोलिसांना सापडलं. हे तिकिटाचं सोनं.

'हुई फोंग'वरच्या प्रवाशांत डेव्हिड ट्रान नावाचा एक होआ माणूस होता. तो पुढे लॉस एंजेलिसला पोचला आणि १९८० मध्ये मिरचीचा सॉस करायला लागला. हिरव्या टोपणाची, कोंबड्याचं चित्र असलेली लाल बाटली तुम्ही पाहिली असेल, आता भारतातही सुपरमार्केटात दिसते. कोंबडा का, तर त्याचं जन्मसाल, १९४५, चिनी राशिचक्रात कोंबड्याचं. सॉसचं नाव श्रीराचा, ते थायलंडच्या एका गावाचं. आणि कंपनीचं नाव? हुय फोंग फूड्स. ज्या जहाजात महिनाभर कोंडून घातलं त्याचं नाव माणसाने कारखान्याला दिलं. आमच्या सॅन होजेच्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर ही बाटली असते. नातू नूडल्सवर ओततो तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगतो. तो म्हणतो, आजोबा, हे तुम्ही मागच्या वेळीच सांगितलंत.

१७ फेब्रुवारी १९७९ ला चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी चीनमध्येच होते. १९६२ नंतरचा तो एवढा मोठा पहिला दौरा, आणि तो अर्धवट सोडून ते परतले. त्या महिन्याभराच्या युद्धानंतर होआ लोकांना व्हिएतनाममध्ये राहणं आणखी अवघड झालं. १९७९ च्या पहिल्या सहामाहीत समुद्र बोटींनी भरून गेला. थायलंडच्या आखातात चाचे होते, शेजारी देश बोटी परत समुद्रात ढकलत होते, हजारो माणसं वाटेतच गेली. जुलैमध्ये जिनिव्हाला परिषद भरली तेव्हा कुठे अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी मोठ्या संख्येने माणसं घ्यायचं ठरवलं. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत बोटीने निघून कुठल्यातरी किनाऱ्याला जिवंत लागलेल्यांची संख्या आठ लाखांच्या आसपास भरते.

अमेरिकेत दोन लाटा आल्या, आणि दोन्हींतला फरक पाटी समजण्यासाठी महत्त्वाचा आहे. १९७५ च्या पहिल्या लाटेत सुमारे एक लाख तीस हजार लोक आले, त्यात सायगाव सरकारचे अधिकारी, लष्करातले लोक, शिकलेली कुटुंबं जास्त. १९७८ नंतरच्या लाटेत चोलोनचे दुकानदार, आचारी, मासळीवाले, कारागीर. यांच्याकडे इंग्रजी नव्हतं, हुद्दा नव्हता, सोनं तर दिलेलंच होतं. जवळ होती कढई हाताळायची कला, आणि उधारीवर उभं राहायची हिंमत. सॅन होजेत तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने वाढत होते. घरातलं एक माणूस तिथे जुळणीच्या कामाला, दुसरं कुणाच्यातरी भटारखान्यात, आणि काही वर्षांनी स्वतःचं हॉटेल. आज व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नसतील एवढी व्हिएतनामी माणसं सॅन होजेत राहतात, एक लाखाहून जास्त.

आता विचार करा, १९८२ साली तुम्ही तिथे हॉटेल काढताय. अमेरिकन माणसाला 'फो' म्हणजे काय ते ठाऊक नाही. व्हिएतनाम हा शब्द त्याला फक्त युद्धाच्या बातम्यांतून माहीत. 'चायनीज' मात्र त्याला माहीत आहे, त्याचा बापही ते खात होता. शेजारी हाँगकाँगहून आलेली मंडळी आहेत, त्यांच्याशी तुमची कँटनी जुळते, माल त्यांच्याच घाऊक दुकानातून येतो. आणि तुमच्या स्वतःच्या माणसांना, निर्वासितांना, लग्नाला आठ पदार्थांची पंगत हवी, लॉब्स्टर हवा, अख्खा वाफवलेला मासा हवा, आणि शेवटी कान चुआचा घोटही हवा. दोन्ही तुम्हाला येतं, कारण दोन्ही तुमचंच. मग पाटीवर आणखी काय लिहिणार?

एक मासळी खाणारी नोंद. असा अख्खा मासा आला की वरची बाजू संपल्यावर तो पलटायचा नाही, मधला काटा उचलून खालचं खायचं. दक्षिण चीनच्या दर्यावर्दी लोकांची समजूत आहे की मासा उलटला की होडी उलटते. आम्ही एकदा विसरून पलटायला निघालो, तर शेजारच्या टेबलावरच्या आजी अर्ध्या उठल्या.

हॉटेलच्या मालकीणबाई साठीच्या. त्या गल्ल्यावर नोटा तेओचूत मोजतात, भटारखान्यात कँटनीत ओरडतात, गिऱ्हाइकांशी व्हिएतनामीत बोलतात आणि भांडी घासणाऱ्या मेक्सिकन मुलांना स्पॅनिशमध्ये काम सांगतात. इंग्रजी आमच्यासाठी. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतःला काय म्हणवता. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, बिल आत्ता आणू की अजून काही हवंय? मला ते उत्तर पुरलं. सरकारी माणसांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या घराला तो किती महागात पडला, याचा हिशोब मी वर तोळ्यांत सांगितलाच आहे.

आणि प्रश्न अमेरिकेतही संपला नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर गावात 'लिटल सायगाव' नावाची मोठी वस्ती आहे. ती उभी करण्यात फ्रँक जाओ या होआ बांधकाम व्यावसायिकाचा मोठा हात, तिथला प्रसिद्ध मॉल त्यानेच १९८७ मध्ये उघडला. १९९६ मध्ये त्याने रस्त्यावर एक पादचारी पूल बांधायचं ठरवलं तर लोकांनी निषेध केला, कारण पुलाचा घाट फार चिनी वाटत होता. योजना बारगळली. सॅन होजेतही २००७-०८ मध्ये एका बाजारपेठेच्या नावावरून रणकंदन झालं. नगरपालिकेने 'सायगाव बिझिनेस डिस्ट्रिक्ट' ठरवलं, लोकांना 'लिटल सायगाव'च हवं होतं. सभा झाल्या, उपोषण झालं, शेवटी ठराव मागे घ्यावा लागला. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्या शहराचं नावच सरकारने बदलून टाकलं त्या शहरातून आलेल्यांसाठी नाव ही शेवटची मालमत्ता. मी त्यांना हसत नाही. मात्र याच नावाच्या आत होआ माणसाने कुठे बसायचं, हा प्रश्न तिथेही अवघडच आहे.

मी गेली बत्तीस वर्षं कोलकात्यात राहतो, म्हणून शेवटी आपल्या घरातलं सांगितल्याशिवाय मला उठता येणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग आछिऊ नावाच्या एका चिनी माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अछिपूर. पुढे कँटनी सुतार आले, हक्का चर्मकार आले, हूपेईचे दंतवैद्य आले. चोलोनसारखंच, बोलीप्रमाणे धंदा. टांगऱ्याच्या चामड्याच्या कारखान्यांशेजारी त्यांचीच हॉटेलं निघाली. १९६२ चं युद्ध झालं आणि कायदा असा आला की ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणीही कधी शत्रुदेशाचे नागरिक असतील, तोही परदेशी. इथे जन्मलेले, बंगाली-हिंदी-आसामी बोलणारे सुमारे तीन हजार लोक आगगाडीने राजस्थानात देवलीच्या छावणीत नेले गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं. काही जण तिथे अनेक वर्षं राहिले, काहींना कधीच न पाहिलेल्या चीनमध्ये पाठवलं. परत आलेल्यांना घरं-दुकानं लिलावात गेलेली दिसली.

त्यातल्या आणि त्यांच्या नातेवाइकांतल्या बऱ्याच जणांनी पुढच्या वर्षांत कॅनडा गाठला. टोरांटोच्या उपनगरांत आज त्यांची हॉटेलं आहेत. चिली पनीर मिळतं, मांचुरियन मिळतं, हक्का नूडल्स मिळतात, गल्ल्यावरची बाई गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलते आणि आत भटारखान्यात हक्कात. शनिवारी तिथे पंजाबी, गुजराती, तमीळ कुटुंबांची रांग असते, मराठीही कानावर पडतं. पाटीवर लिहिलेलं असतं: इंडियन स्टाइल हक्का चायनीज.